बॉयलरच्या कपाटातलं दही

लंडनमधल्या क्रॉयडनला डिसेंबरात साडेतीनलाच आभाळ विझू लागतं. खालून ट्राम जाते, तिच्या खिडक्यांचा उजेड आमच्या छतावरून सरकतो आणि घर कुठेतरी तरंगत चाललंय असं वाटतं. अशाच एका दुपारी, की संध्याकाळी, मी देवापुढे दिवा लावला आणि बेल वाजली.

दारात शेजारची अक्का, हातात रिकामी वाटी. श्रीलंकेतल्या यादवीत जाफन्याजवळचं घर गमावून ती नवरा-मुलीसह इथे आली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या किचनमध्ये राबल्यावर आता तिने स्वतःचे डबे सुरू केले होते. पहिली ऑर्डर उद्या दुपारची, एका ऑफिसला दहीभात. आणि तिचं विरजण नासलं होतं.

माझ्या खांद्यावरून तिला दिवा दिसला. तिने वाटी कार्डिगनआड नेली.

"दिवा लावलास? मग राहू दे," ती इंग्रजीत म्हणाली. "दिवा लागल्यावर आमच्याकडेही दही देत नाहीत. मागूही नये."

तालुक्याच्या गावी आई मलाही हेच सांगायची. मी घरातली पहिली पदवीधर. आईच्या कष्टांवर शिकले, समुद्र ओलांडला, पण तिन्हीसांजेला हात अजून अडतो. सकाळपर्यंत थांबावं, तर दही दुपारपर्यंत लागणार कसं? पहिलीच ऑर्डर हुकली, तर दुसरी कोण देणार?

आतून नवरा म्हणाला, "इथे दिवेलागण साडेतीनला. मग दही द्यायचं कधी, जूनमध्ये?"

"तू गप रे!"

"गप बसतो. पण दही बाहेर जायचं नाही, एवढंच ना? दूध आत यायला कोणाची बंदी आहे?"

मी ते अक्काला सांगितलं. ती खळखळून हसली. "नवरा वकील आहे का तुझा?"

"नाही अक्का, सॉफ्टवेअर टेस्टर. पळवाटाच शोधतो."

ती कोमट दुधाची पातेली घेऊन आली. आम्ही माझं विरजण त्यात ढवळलं, बॉयलरच्या कपाटातले टॉवेल काढले आणि त्या उबेत पातेली ठेवली. अक्का तिथेच उभी राहिली.

"घर सोडलं त्या दिवशीही दूध विरजून ठेवलं होतं," ती म्हणाली. "लागलं की नाही, कळलंच नाही."

मग तिने कपाटाचं दार हळूच लोटलं, आत मूल निजलं असावं तसं.

झोपेत मला कोवळा, आंबूस वास येत राहिला. आईचं स्वयंपाकघर, अक्काचं मी न पाहिलेलं घर आणि आमचा हा भाड्याचा फ्लॅट एकमेकांत मिसळत गेले.

सकाळी अक्का लवकरच आली, पण नीट उजाडेपर्यंत दह्याला हात न लावता खुर्चीत बसून राहिली. मग तिने एक पातेलं उचलून तिरकं केलं. दही हललं नाही.

"लागलं," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा, स्वतःशीच, तिच्या भाषेत.

आधी चमचाभर दही तिने माझ्या वाटीत काढलं, पुढच्या विरजणासाठी. मग पातेली घेऊन भात लावायला गेली.