मावशीची शिक्षा

मावशी गेली तेव्हा मी तेलीबांध्याच्या ऑफिसात होते. मुलीचा फोन आला, "मम्मी, नानी उठ नहीं रहीं…" मला रडू नाही, आधी संताप आला. ग्राहक आयोगाचा निकाल तोंडावर आला होता. तेवढंही थांबता आलं नाही तिला.

कुसुममावशी लग्न होऊन अमरावतीहून इथं, या हिंदी शहरातल्या बूढ़ापाऱ्यात आली. काका रेल्वेत. पन्नास वर्षं इथं काढूनही मराठी शब्दाला 'है' जोडलं की झालं हिंदी, असा तिचा खाक्या. भाजीवाल्याला ते कळायचं आणि आम्ही हसायचो. काका गेले, मूलबाळ नव्हतंच, मग पायही गेले. तिला एका खासगी वृद्धाश्रमात ठेवलं. मीच ठेवलं, दुसऱ्या कुणाला दोष देऊ? एकदा न कळवता गेले, तर तिची मनगटं ओढणीनं पलंगाला बांधलेली. "पाणी मांगलं का शिक्षा करून राहिले वं हे लोकं," ती म्हणाली. फोटो काढायचं मला सुचलंच नाही. आधी गाठी सोडल्या.

तिला घरी आणलं आणि नुकसानभरपाईचा दावा लावला. किती मागायचे, असं वकिलांनी विचारलं तर म्हणाली, "पैशाचं तुमी पाहा. मले बांधलं, हे कागदावर आलं पाह्यजे." शपथपत्र तिनं टायपिस्टला स्वतःच सांगितलं. बांधल्याचं सांगितलं, आणि पुढे, "मेरे को रोज शिक्षा करते थे." त्यानं ते नीटनेटकं करून टाइप केलं, 'मुझे प्रतिदिन शिक्षा दी जाती थी.' सहीआधी मी सगळं वाचलं. सरकारी हिंदीत आयुष्य घालवलेली बाई मी, पण समोर मावशी बसलेली, कानात तिचा आवाज… माझ्या मराठी डोळ्यांना काही खटकलं नाही. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तेव्हा आठवलंच नाही.

समोरच्या वकिलाला मात्र बरोबर आठवलं. आमच्याकडे रोज भजन-प्रवचन असतं, तक्रारदार स्वतःच ते मान्य करतात, म्हणाला. निकाल तेरवीनंतर हातात आला. मळक्या चादरी आणि निकृष्ट जेवणाबद्दल थोडी भरपाई. बांधल्याचा आरोप सिद्ध नाही, कारण तक्रारदारांना तिथं 'नियमित शिक्षा' मिळत होती. मुलीला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. तिनं निकाल वाचून विचारलं, "मम्मी, नानी को वहाँ पढ़ाते थे क्या?"

अपील करणार आहे. वकील म्हणतात, शब्दाचा अर्थ जिनं सांगायचा तीच राहिली नाही, कठीण आहे. असू दे कठीण. तिच्या खोलीतला पडदा दिवसभर वाऱ्यानं तोंडावर येतो. तो बाजूला बांधायची नाडी मावशीनं आल्या दिवशीच मला काढायला लावली होती. मुलगी परवा पडद्याला लावायला रबर घेऊन आली, तेव्हा मी तिच्यावर ओरडले. या खोलीत काहीही बांधायचं नाही.