नायक घरी आल्यावर

बोरीच्या शाळेत बदली होऊन आले तेव्हा मला खोली मिळाली ती धम्मशीलाताईंच्या घरात, पुढच्या बाजूला. खोली दाखवताना त्यांनी नळाला पाणी कधी येतं, मोटारीचं बटण कुठं आहे, गच्चीची किल्ली कुठं टांगलेली असते हे सगळं सांगितलं. मग दारात थांबून जरा संकोचानं म्हणाल्या, "मॅडम, दुपारी तेवढा टीव्ही मोठा लावू नका. मी लिहायला बसत असते."

मला वाटलं, अंगणवाडीचं काही काम असेल. ताई अंगणवाडी सेविका, सगळं गाव त्यांना ताईच म्हणतं. पण ताई प्रेमकथा लिहीत होत्या. मोबाईलवरच्या कथांच्या ॲपवर त्यांच्या मालिका येत, दिवाळी अंकांत कथा छापून येत. मीही मग वाचायला लागले आणि एकदा शाळेची प्रार्थना चुकता चुकता राहिली.

त्यांच्या गोष्टींतले नायक कुणी सैन्यातले, कुणी बोटीवरचे, कुणी दुबईला गेलेले. नायिका मात्र घरी, बागेत. गोष्ट महाबळेश्वरला घडो की पुण्याला, बाग ही ताईंच्या घरामागचीच असे. तोच घेवड्याचा मांडव, तोच कोपऱ्यातला सीताफळाचा गोल पसारा, भिंतीला लागून अंबाडी आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा गवती चहा. बंगलेवाल्या नायिकेच्या बागेत अंबाडी कशी, असं कोणत्याच वाचकानं विचारलं नाही.

बौद्ध समाजातल्या एक-दोघांनी त्यांना बोलूनही दाखवलं होतं की, लेखणी हातात आली आहे तर आपल्या लढ्याचं लिहा, हे प्रेमबिम काय. ताई म्हणाल्या होत्या, "लढून घरी आल्यावर माणसं एकमेकांशी बोलतच असतील की. मी तेवढंच लिहिते."

त्यांचे यजमान सितारामकाका एसटीत ड्रायव्हर, जिंतूर डेपोला. त्यांच्याकडे बहुतेक मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी गाडी घेऊन निघायचं, शेवटच्या गावात रात्र काढायची, पहाटे सवारी भरून परत. घरी येत ते अंघोळ, भाकरी आणि झोप एवढ्यापुरते. मुलगी नांदेडला नर्स झाली, मुलगा पुण्याला कामाला लागला, त्या साऱ्या वर्षांत काकांचा संसार असा येता-जाताच झाला. आणि या पावसाळ्यात ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, हार आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले.

पहिले काही दिवस ताई खुशीत होत्या. रोज काहीतरी नवं रांधायच्या. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक बेजारी दिसायला लागली. दुपारी त्या कागद घेऊन बसल्या की काका येऊन समोर बसत.

"काय करायलीस?"

"लिहायलेय."

"बरं बरं, लिही." आणि थोड्या वेळानं, "चहा ठेवतीस का जरा? लिहिणं झाल्यावर हां. मला काही घाई न्हाई."

लिहिणं होत नसे. चहा होई. काकांना हाताला चाळा लागायचा, म्हणून त्यांनी घरातली स्टुलं रंगवली, दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, माझ्या खोलीतला चांगला चाललेला पंखा उतरवून साफ केला. उरली फक्त बाग.

भादव्यातल्या एका रविवारी ताई विहारातून परत आल्या. वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने चालणारं वाचन चालू होतं, त्यामुळं पांढऱ्या साडीत होत्या. काका मागच्या अंगणात खुरपं घेऊन उभे होते, घामानं निथळलेले, आणि गाडी धुऊन काढल्यासारखे समाधानी.

"बग, कसं लख्ख केलं! सगळं गाजरगवत मुळासकट काढलं."

ताईंनी कोपऱ्यातल्या ढिगाकडं पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, "हे गाजरगवत हाय?"

"मग काय हाय?"

"शेवंती हाय ओ ती. माझी शेवंती."

काकांनी ढिगातलं एक रोप उचललं, पानं बोटांत चुरली, वास घेतला. खरं तर कळी धरायच्या आधी दोन्हींची पानं सारखीच दिसतात. पण ताईंनी पावसाळाभर तिचे शेंडे खुडले होते, फुटवे वाढावेत म्हणून. काही रोपं त्यांनी पुन्हा मातीत रोवून पाहिली. उन्हं चढेपर्यंत ती माना टाकून पडली.

भांडण झालं नाही, म्हणून जास्तच जाणवलं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून आल्यावर ताईंनी कपाटातून आपल्या छापील कादंबऱ्या आणि जुने दिवाळी अंक काढले आणि काकांच्या बाजेवर ठेवले.

"करमत न्हाई ना तुम्हाला? हे वाचा. पण बागेला हात लावायचा न्हाई."

काकांनी त्यातलं आजवर काहीच वाचलेलं नव्हतं. आता चष्मा लावून, ओठ हलवत, लांब पल्ल्याची गाडी काढल्यासारखे ते वाचत राहिले. मधेच शंका विचारत. "ही पोरगी एवढ्या पावसात चालत कशाला गेली? त्या रस्त्याला सायंकाळची गाडी हाय की!" ताई भाजी निवडत राहत, पण एकदा पदराआड हसताना मी त्यांना पाहिलं.

पुस्तकं वाचून झाली त्या दिवशी मीही त्यांच्याकडं जेवायला होते. पानात अंबाडीची कण्या घातलेली भाजी, वर लसणाची फोडणी, ज्वारीची गरम भाकरी. काकांनी भाजी पुन्हा वाढून घेतली. मग म्हणाले, "धम्मा, चांगलं लिहितीस तू. पण एक सांग. तुझा हिरो घरी आला, ह्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं, की गोष्ट खलास. दर टायमाला. मग फुडं तो घरात करतो काय?"

ताईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "फुडं काय करतो? शेवंती उपटतो," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघी उकडलेल्या शेंगा फोडत बसलो होतो. नव्या भुईमुगाच्या शेंगा, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, अजून कोमट. ताई एकदम म्हणाल्या, "त्यांनी बरोबर धरलं मॅडम. मला फुडचं ठाऊकच न्हाई. हे यायचे, दारात उभे राहायचे, मला लय बरं वाटायचं, आणि निघायची वेळ व्हायची. माझ्याकडं दारापर्यंतचंच हाय सगळं. त्याच्या आतलं मी कुठून लिहू?" एक शेंग फोडून म्हणाल्या, "आता माणूस दिवसभर घरात हाय, आणि मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत न्हाई. प्रेमकथा लिहिणारी बाई मी!"

बोलता बोलता त्यांना हसू आलं, पण डोळे भरले होते.

त्याच आठवड्यात छत्रपती संभाजीनगरहून राजेश्री मॅडमचा फोन आला. त्या एका दिवाळी अंकाच्या संपादक, दरवर्षी ताईंची कथा घेणाऱ्या. अंक छपाईला निघाला होता, फक्त ताईंच्या कथेसाठी पानं राखली होती. ताईंनी "देते, देते" म्हणून फोन ठेवला. कागदावर बोटीवरचा एक नायक बंदरात येऊन कधीचा खोळंबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कुणाला काही न सांगता निघून गेले. फक्त गीताबाईंना, पलीकडच्या म्हाताऱ्या आजींना, ते स्टँडकडं जाताना दिसले होते. ताई अंगणवाडीतून आल्या तेव्हा घर मोकळं, दुपार पूर्ण त्यांची. हीच दुपार त्यांना हवी होती. त्या बसल्या. उठल्या. अंबाडीची लाल बोंडं तोडून त्यांची चटणी केली. परत बसल्या. सीताफळं हातानं दाबून पाहिली, पिकलेली वेगळी काढली. फोन लावला तर काकांचा फोन घरातच वाजला. मी शाळेतून आले तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या.

"रागावून गेले असतील का ओ?" त्यांनी मला विचारलं. "सगळं आयुष्य वाट बघितली, पण अशी धडधड कधी झाली न्हाई. तवा माहीत असायचं, गाडी येणार म्हणून."

दिवेलागणीला काका आले. खांद्यावर ओलं पोतं. शर्टाच्या खिशातून एक वाळलेली काडी डोकावत होती. उपटलेल्या शेवंतीतलं ते एक रोप ते नमुन्याला घेऊन गेले होते, पुन्हा चूक नको म्हणून. परभणीत दोन रोपवाटिका पालथ्या घातल्या, तिथं शेवंतीची रोपं मिळाली नाहीत, मग कुणीतरी सांगितलं म्हणून थेट पोखर्णीच्या एका मळ्यापर्यंत गेले. पोत्यात मातीच्या गड्ड्यासकट रोपं होती.

"बघून घे," ते म्हणाले. "गाजरगवत असलं तर आत्ताच सांग."

ताईंनी पोतं घेतलं. तांब्याभर पाणी आणून दिलं आणि सीताफळाचं ताट समोर ठेवलं. काका एकेक बी ताटात टाकत बोलायला लागले. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आज खिडकीला बसलो होतो, सवारी म्हणून. धम्मा, त्या रस्त्यानं मी किती वर्षं गाडी नेली, पण बाजूला काय हाय ते मला माहीतच न्हाई. कापूस फुटलाय दोन्हीकडं. एका ठिकाणी सगळा बांध पिवळा, कसली फुलं ती मला नाव येत न्हाई. एक म्हातारा आपल्या बायकोला हात धरून गाडीत चढवत होता. असले म्हातारे मी रोज चढवले असतील. आरशात बघायचो, दार लागलं का, एवढंच. त्याचा हात कधी बघितला न्हवता." मग ताटातल्या बिया एका कडेला सारत, "आणि घरात बसलो की मला वाटतंय, कुणीतरी घंटी वाजवावी आणि मी निघावं. बसायचं कसं ते मला येत न्हाई बग. तुला तरास होतो ते कळतंय मला."

ताई त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाबी येत न्हाई. तुमी घरात असताना कसं असायचं ते."

मी चपला घालून माझ्या खोलीकडं वळले.

बोटीवरचा नायक बंदरातच राहिला. ताईंनी कोरे कागद घेतले आणि निवृत्त होऊन घरी आलेल्या ड्रायव्हरची गोष्ट सुरू केली. गाव बोरीच ठेवलं, बाग बोरीचीच, आणि माणसं बोलतात तशीच बोलली. पहिल्यांदाच त्यांच्या नायिकेनं "लय" म्हटलं. लिहिताना त्या हाक मारत, "अहो, मुक्कामी गावात झोपत कुठं होताव?" काका सांगत, शाळेच्या ओट्यावर, नाहीतर गाडीतच, मधल्या बाकावर. "काय आठवायचं तवा?" यावर ते लाजले. "ते कशाला लिहायचं?" पण सांगितलं.

दुपारचं एक ठरलं. ताईंचं लिहिणं चालू असेल तेवढा वेळ काका बागेत, आणि बागेत काय करायचं ते ताई सकाळीच सांगून जाणार. मेथीचं बी फेकायचं, लसणाच्या पाकळ्या टोचायच्या, घेवड्याचा वेल सुतळीनं वर घ्यायचा. एक-दोन रोपांचं नाव विचारायला ते आत येतच. लिहिणं तेवढं थांबे.

कथा गेली. राजेश्री मॅडमनी वाचून फोन केला. "ताई, ही निराळीच आहे. बोली तशीच ठेवतेय, हात लावत नाही." ताईंनी फोन ठेवला आणि उगाचच ओटा पुसत बसल्या.

आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाची सांगता झाली. वंदना, वाचन, मग मोठ्या पातेल्यातली खीर. खीर वाटून झाल्यावर गीताबाईंनीच विषय काढला. "धम्मशीले, तू म्हणं ड्रायव्हरचं लिहिलंस. वाच की आमाला. तीन महिने आमी बसून ऐकलंच हाय, आजून घटकाभर बसू."

ताईंनी पहिलं पान भराभर वाचून टाकलं. मागच्या रांगेत सितारामकाका मान खाली घालून द्रोणातली संपलेली खीर चाटत होते. शेवंती उपटली त्या जागी बायका इतक्या हसल्या की ताईंना थांबावं लागलं. लढ्याचं लिहा म्हणणाऱ्यांपैकी एक मुंजाजीभाऊ, तेही हसले. आणि ड्रायव्हर खिडकीला बसून पहिल्यांदा रस्ता पाहतो तिथं मागचे पुढं सरकून बसले. गीताबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आमचे मालक विटाच्या भट्टीवर जायचे सहा-सहा महिने. आले की मला त्यांची भीती वाटायची गं, नवी नवरी असल्यासारखी. कुणाला सांगावं हे?"

"मला सांगा," ताई म्हणाल्या. "मी येते उद्या."

आणि खरंच गेल्या. दिवाळीत मुलं येऊन गेली, अंक आला, अनोळखी माणसांचे फोन आले. कुणी निवृत्त कंडक्टर, कुणी पोलिसाची बायको. आता ताईंनी मोठी कादंबरी घेतली आहे. गीताबाईंच्या तरुणपणाची, भट्टीवर जाणाऱ्या नवऱ्याची, आणि नवरा परतल्यावर जे जे होतं त्याची.

परवा दुपारी मी वह्या तपासत होते. मागच्या खोलीतून दोघांचा आवाज येत होता. नायिकेचं नाव ठरत नव्हतं.

"कमल ठेव," काका म्हणाले. "चांगलं वाटतंय ऐकायला."

मग ताईंचा आवाज. "कमल कोण?"

"कोणी न्हाई. आपलं एक नाव."

"एवढी नावं हायत जगात. कमलच कामून? कुठल्या मुक्कामाची ही?"

"अगं, चहा द्यायची स्टँडवर. म्हातारी होती ती. दात पडलेले तिचे!"

"आत्ता म्हातारी झाली व्हय?"

काका मोठ्यानं हसायला लागले. ते हसू थांबेना, तशा ताईही हसायला लागल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "बरं, राहू द्या कमलच. पण सांगा आता, कशी होती ती चहावाली. सगळं सांगा. मी लिहून घेतेय."