बिनबुटाचा पाय

गुळगुळीत फरशीवर, दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून एखादा माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, म्हणजे तो चालायला लागला असं तुम्ही म्हणाल का?

आमचे इन्चार्ज साहेब म्हणत होते. रंगनाथच्या केसपेपरवर 'फिट' असं लिहायला त्यांनी पेनचं टोपणही काढलं होतं.

"साहेब, याच्या गावात फरशी नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मग ढेकळं आहेत. बांध आहेत. तिथं चालला तर फिट."

मी फिजिओथेरपिस्ट. मोडलेल्या, दुखावलेल्या शरीराला पुन्हा कामाला लावणं हा आमचा धंदा. खेड्यातले पेशंट मला 'मालिशवाल्या बाई' म्हणतात. भिंगारजवळच्या एका दवाखान्यात मी नुकतीच लागले होते. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. मी वाचायला शिकले ती मोर्च्यांच्या पत्रकांवर, त्यामुळे साहेबांशी हळू आवाजात बोलणं मला तेव्हा जमत नव्हतं. आताही फारसं जमत नाही.

रंगनाथ पाथर्डीकडचा शिपाई. लढाईत त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. उरलेल्या भागाला आम्ही स्टंप म्हणतो. तो ज्या वाटीत बसतो ते सॉकेट, आणि त्याखाली लाकूड-रबराचं पाऊल असलेला पाय. पाय उत्तम बनवलेला होता. माणूसही उत्तम होता, फक्त घरी जायला तयार नव्हता. आईला त्यानं एकदाही भेटायला येऊ दिलं नव्हतं. नागापूरच्या एका कारखान्यात वॉचमनची जागा मिळत होती, राहायला खोलीसुद्धा. दिवाळीनंतर हो की नाही ते सांगायचं होतं.

"आधी घरी जाऊन या," मी म्हणायची.

"आता घर कशाला, ताई? खोली हाय की."

घरी न जाताच तो त्या खोलीत शिरला, तर पुन्हा कधीच गावाकडे फिरकणार नाही, हे मला दिसत होतं. मला वाटलं, तो शेताला भितोय.

"म्हणजे तुम्ही याला डोंगरात नेणार?" साहेबांनी विचारलं.

"हो. रविवारी. एस.टी.नं."

"तरुण मुलगी, एका शिपायाबरोबर? सोबत कोण असेल?"

"पन्नास पॅसेंजर आणि एक कंडक्टर."

साहेबांनी टोपण परत लावलं.

पहिल्या रविवारी आम्ही भिंगारला पाथर्डीच्या गाडीत चढलो. डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालाची तिकिटं मागितली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "तिथं उतरून काय करता, ताई? वर काई न्हाई. नुसतं वारं हाय."

"तेच खायला चाललोय," रंगनाथ म्हणाला.

"मग मिलिटरी, पुढं बसा. वाऱ्याला तिकीट न्हाई, तुमाला मातर हाय."

फरशीवर जो माणूस ताठ चालायचा, तो मुरमाच्या चढावर दहा पावलांत घामाघूम झाला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना लाकडी पाय आधी, हे दवाखान्याच्या व्यायामाच्या हॉलमध्ये पाठ झालेलं तो सगळं विसरला. दोनदा पडला. मी उचललं नाही. उठायला शिकवणं हाही धंद्याचाच भाग आहे. दर थोड्या वेळानं दगडावर बसून आम्ही स्टंपवरचा ओला मोजा काढायचो, कोरडा चढवायचो. घामानं कातडी सोलवटली तर आठवडा फुकट जातो. वर पोचल्यावर त्यानं पूर्वेकडे बोट केलं. "आमचं गाव त्या अंगाला," इतकंच म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही नांगरून ठेवलेल्या रानातून गेलो. यंदा पावसाचा पत्ता नव्हता, ढेकळं विटेसारखी झाली होती. तीही त्यानं पार केली. बांधावर उभा राहून मला म्हणाला, "तुमी या की आता. साडी सावरत पडाल." आणि मी खरंच पडले. तो इतका हसला की त्याला बसावं लागलं.

मला वाटलं, जिंकलं. तिसऱ्या रविवारी वांबोरीच्या गाडीनं डोंगरगणला गेलो, दरीतल्या महादेवाच्या देवळाशी. पायऱ्या तो मस्त उतरला. देवळापुढे बसून त्यानं दोन्ही बूट काढले, खांब धरून उभा राहिला, पाऊल टाकलं आणि मागे कलला. पुन्हा टाकलं, पुन्हा कलला. मग खाली बसला.

इथं थोडं समजावून सांगते. बुटाला टाच असते, म्हणून हा पाय त्या टाचेच्या उंचीच्या हिशेबानंच जुळवतात. बूट काढला की लाकडी टाच खाली जाते आणि सगळा पाय मागे झुकतो. गुडघा उलटा ढकलला जातो. आम्ही हॉलमध्ये पेशंटला कधी बूट काढायलाच लावला नव्हता. पुस्तकात तसं नव्हतं.

देवळाची झाडलोट करणारी म्हातारी सगळं बघत होती. "राहू दे बाबा तुजा बूट. देव काय बोलतोय व्हय?"

मी लगेच सुरू झाले. दगडाला बुटाचं काय, माणूस मोठा की रूढी, वगैरे. रंगनाथनं ते ऐकून घेतलं.

"देवाचं सोडा, ताई. आईच्या चुलीपाशी बूट घालून जाऊ व्हय?"

मी त्याच्याशेजारी खाली बसले.

"रातचं वार्डात कुनी नसलं की बूट काढून बघतो. लई डाव बघितलं. भिताड धरल्याबिगर पाऊल पडत न्हाई. ती म्हनंल, असू दे लेकरा, ये बुटासकट. तेच तर मला नको हाय. माज्याच घरात मी पावना हुनार."

तर तो शेताला भीत नव्हता.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढे उभी.

"हा पाय बुटातच वापरायचा असतो," साहेब म्हणाले. "पुस्तक बघा."

"साहेब, ते पुस्तक लिहिणारा फक्त झोपताना बूट काढत असेल. आपण जेवताना काढतो, देवापुढे काढतो, आईपुढे काढतो. तुम्ही घरी बूट घालून जेवता का?"

साहेबांनी टेबलाखालच्या आपल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, "काय लागेल?"

लागलं थोडंच. रबरी चपलेचा तुकडा, मागे जाड आणि पुढे निमुळता होत गेलेला. बुटाची टाच जेवढी पाय उचलते तेवढाच तो उचलायला हवा. तो जाड मोज्यात, टाचेखाली शिवून टाकला. पहिला उंच झाला, रंगनाथ पुढे झुकला. दुसरा घसरला. तिसऱ्यावर तो हॉल ओलांडून गेला, कशालाही न धरता, अनवाणी माणसासारखा. साहेब दारात उभे होते. त्यांनी पेन काढून 'फिट' लिहिलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही पुन्हा पाथर्डीची गाडी धरली. फाट्यावर उतरून गावापर्यंत पायवाट. त्यानं मला एकदाही थांबू दिलं नाही. दारापाशी ओट्यावर बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. आवाजानं आई बाहेर आली. लहानखुरी बाई, हाताला पीठ. तिनं त्याच्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं. मला वाटलं, आता हंबरडा.

"आलास व्हय," ती म्हणाली. "थांब. पाय धू आदी."

बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय तिच्या घरात कुणी शिरत नसे. दुष्काळातसुद्धा. ती तांब्या घेऊन आली आणि त्याच्या उजव्या पायावर पाणी ओतलं. मग खाली बसली, आणि तितकंच पाणी डाव्यावर ओतलं. हातानं चोळून धूळ काढली. टाचेची, बोटांच्या फटींची.

लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी तोंड उघडलं नाही.

तिनं पदरानं दोन्ही पाय पुसले. रंगनाथनं शिवलेला मोजा चढवला, उठला, आणि वाकून दारातून आत गेला. आतून तिचा आवाज आला, "लई वाळलास रे." त्यानं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी ओट्यावरच बसून राहिले.

नागापूरची नोकरी त्यानं घेतली. सुट्टीच्या दिवशी मात्र तो पाथर्डीच्या गाडीत असतो. लाकूड दोन महिन्यांत थोडं फुगलं, ते आम्ही दुरुस्त केलं. पेशंटला कुठं चालायचंय हे विचारल्याशिवाय त्याला चालायला शिकवू नये, इतकं मी यातून शिकले. हे पुस्तकात घालायला हरकत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. लढाई संपली, पण असे पाय घेऊन माणसं आता गावोगाव परतताहेत. तुमच्या दाराबाहेर एक स्टूल ठेवा. असा कुणी आला तर 'राहू द्या हो बूट' असं घाईनं म्हणू नका. तो बसेल, काढेल, हवं ते घालेल. तोवर शेजारी उभे राहा, आणि मग त्याला घरात घ्या. स्टूल आजच ठेवा.