बायकोसाठी ठेवलेली दाढी

आमच्या तंजावरच्या मराठी घरात बायकोला दिवस गेले की नवरा बाळ होईपर्यंत दाढी-केसांना वस्तरा लावत नाही. आठव्या महिन्यात मी अगदी ध्यान दिसत होतो. कॉलेजात मी शिकवतो, तिथली पोरं पाठीमागे हसायची. हसू देत म्हणायचो.

त्या दुपारी पापनाशमहून मोपेडवर घरी येताना कालव्याच्या पुलावर पोलिसांनी अडवलं. कुणा बाईची साखळी ओढून पळालेला माणूस दाढीवाला होता आणि मोपेडवर होता, एवढंच तिला सांगता आलं होतं. माझ्याआधी त्यांनी आणखी एकाला धरलं होतं. तो नारळ उतरवायची कामं करायचा, गालावर जुना व्रण, दाढी माझ्याइतकीच. ठाण्यात दोघांना एकाच बाकावर बसवलं. मोबाइल काढून घेतला. घरी बायको एकटी, आणि इथे पाणी प्यायला उठायचं तरी मला हवालदाराची परवानगी घ्यावी लागत होती. असा संताप यायचा की डोळे भरायचे. पण चिडलो तर आणखीच चोर दिसेन, म्हणून राग गिळला.

दाढीचं कारण सांगितलं तर हवालदार हसला. म्हणाला, "आम्ही धरतो त्या प्रत्येकाची बायको गरोदरच असते."

रात्री ठाण्यातून घरी कळवलं, तेव्हा बायकोनं वकील गाठला. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. त्यांचं ठरलं होतं. "काय रे, काम काय करतोस?" या प्रश्नाच्या उत्तराची ते वाटही बघेनात. तेवढ्यात माझ्या वकिलानं घाईघाईनं दाढीची हकीकत सांगितली. मॅजिस्ट्रेटांनी पेन खाली ठेवलं.

"कितवा महिना?"

"आठवा."

"माझ्या थोरल्या भावानंही ठेवली होती," ते म्हणाले. आवाजच बदलला. "बसा, बसा." मला जामीन मिळाला. त्या बाईच्या जबाबातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

मग त्यांनी त्या दुसऱ्याला विचारलं, "तू कशाला वाढवलीस?"

"उगीच, सार," तो म्हणाला. खरंच सांगत होता बिचारा. त्याची रवानगी कोठडीत झाली.

बाहेर वऱ्हांड्यात बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मला बघताच म्हणाली, "अय्यो, आधी ती दाढी काढून टाका! रीत गेली तर जाऊंदे. मला तुम्ही घरांत पाहिजेत."

तेवढ्यात त्या दुसऱ्याला पोलिसांनी दंडाला धरून बाहेर आणलं. मला शरमेनं तोंड कुठे लपवावं कळेना. माझ्याजवळून जाताना तो थांबला. त्यानं बायकोच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, चूक त्याचीच असल्यासारखा बोलला.

"सार, माझं लग्नच झालेलं नाही."