उन्हाला सावली फुटली

पडेगावच्या आमच्या गल्लीत बद्रीनाथरावांनी साठीनंतर वाचनाचा नाद धरला, तेव्हा निम्म्या गल्लीला वाटलं, ह्यांना रिकामपण पचंना. चितेगावच्या कंपनीत आयुष्यभर मशीनपुढं उभा राहिलेला माणूस अन् कवितांची पुस्तकं?

खरं कारण होतं सत्यशीलाबाई. अंगणवाडीतून निवृत्त होताच बाई वाचनालयाच्या सभासद झाल्या अन् नवऱ्याची झोप उडाली. लग्नाआधी ह्या गड्यानं बाईंच्या माहेरी, करमाडला, चिठ्ठी धाडली होती : 'तुझी वाट बघता बघता उन्हाला सावली फुटली.' तेवढ्या ओळीवर बाईंनी मास्तराचं चांगलं स्थळ नाकारलं. "आमचे हे मनातून कवी," असं त्या आजही हळदीकुंकवात सांगतात. अन् कवीनं ती ओळ मित्राच्या फाटक्या मासिकातून उचललेली!

मग काय, बाईंच्या आधी आपण पुस्तक चाळायचं. पहिल्याच आठवड्यात एका कवितासंग्रहात ओळ सापडली. संग्रह गेला गव्हाच्या कोठीत. पुढं एका नाटकात नायिकेच्या तोंडी तीच, मग कादंबरीत बाभळीखाली तीच.

"च्यायला, इथं तर रांग लागलीय!" चोराला सोबत मिळाली, पण भीती तिप्पट झाली.

वाचनालयातली विशाखा म्हणाली, "काका, तीन नेली, एक बी परत नाय. लोणचं घालता का?"

"वाचून होऊ दे की, बेटा."

"काकू बी विचारत होत्या, कोणती नेली म्हणून."

बद्रीनाथराव तसेच घरी पळाले. सत्यशीलाबाई कोठीपुढं बसलेल्या, तिन्ही पुस्तकं मांडीवर.

"या, कवी."

"अगं, ते..."

"चौथं माझ्या पिशवीत हाय. त्यात तीच ओळ एक मेंढपाळ म्हणतो. लई गोड म्हणतो."

बद्रीनाथराव कोठीला टेकून बाईंशेजारी बसले. "मग आता म्हणशील, मास्तरच बरा होता."

"त्याची बी चिठ्ठी आली होती. स्वतःची, चांगली चार पानं. दुसऱ्या पानावर मला डुलकी लागली." बाईंनी पुस्तकावरचे गव्हाचे दाणे झटकले. "अन् तुमच्या चिठ्ठीला माझं उत्तर? 'तुमच्या चाहुलीनं अंगण जागं राहतं.' ते नाय व्हय सापडलं कुठं?"

"म्हंजी... तू बी?"

"मी कशाला सांगू? शोधा की."

दुसऱ्या दिवशी तिन्ही पुस्तकं विशाखाच्या टेबलावर आली. काका कपाटापुढं चष्मा पुसत उभे. "बेटा, अंगणाबिंगणावरचं काय हाय का? जुनं असलं तरी चालंल."