पहिली मूठ

लोकांनी ऑनलाइन मदत मागितली तर ती कधी मिळते आणि कधी नाही, हे मशीनकडून शोधून काढायचं माझं काम आहे. पैसे गोळा करायच्या जुन्या मोहिमांचा ढीग मॉडेलला दाखवायचा: फोटो कसा होता, गोष्ट केवढी लिहिली, पहिल्या दोन दिवसांत कोण आलं. त्यावरून नवी मोहीम तरेल की बुडेल ते मॉडेल सांगतं. आई काळेवाडीच्या शेजारणींना सांगते, पोरगी कॉम्प्युटरवर भविष्य बघते. सांगू दे बापडी.

गेल्या वर्षी कुरुळीच्या काकूंची मोहीम मीच टाकली. कुरुळीचे काका म्हणजे बाबांचे चाकणच्या कंपनीतले जोडीदार, एकाच लाइनवर दोघांची उमर गेली. काकूंच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि डॉक्टरांनी महिन्यापलीकडे थांबू नका म्हणून बजावलं होतं. शाळेच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी त्यांच्या घरी काढल्या. काकू वेण्या इतक्या घट्ट घालायच्या की माझे डोळे ताणले जायचे.

शिफ्ट सुटताना आम्ही दोघी कंपनीच्या गेटवर जायचो. कुणाच्या घरी आजारपण निघालं की बाबा आपलं पिवळं हेल्मेट उलटं धरून तिथं उभे असायचे. माणसं बंद मूठ आत घालून मोकळी बाहेर काढायची, कुणी किती टाकले ते कुणाला दिसायचं नाही. पण पहिली मूठ पडेपर्यंत सगळे डबे घेऊन नुसते घुटमळायचे. मला वाटायचं, लाजतात मेले. एवढी धिप्पाड माणसं लाजताना बघून मी काकूंच्या पदरात तोंड लपवून हसायचे. काय दिवस होते ते. नंतर बाबा गेले आणि वर्षभरात गेटवर तसं उभं राहायलाही बंदी आली.

म्हणून ऑनलाइन. मी जीव ओतून गोष्ट लिहिली, काकूंचा हसरा फोटो लावला, बाबांच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर लिंक पाठवली. सगळ्यांचे जोडलेले हात आले, पैसे एकाचेही नाहीत. मॉडेल म्हणालं, बुडणार. ओळखीचे आधी आले नाहीत की अनोळखी फिरकत नाहीत, हे मीच त्याला शिकवलं होतं. मी स्वतः टाकले नव्हते, कारण आपल्याच मोहिमेत आपण पैसे घातले की मॉडेलला खोटी आशा दिसते. तेवढी मी कामाची पक्की.

काकांना फोन केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, त्यांच्या बी अडचणी असत्यात." माझं डोकंच फिरलं. बाबांनी ज्यांच्यासाठी उन्हात हेल्मेट धरलं, ती हीच माणसं का?

घरी येऊन सगळी आग आईपुढे ओकले. ती मेथी निवडत होती.

"तू टाकलेस का?" तिनं विचारलं. मी मॉडेलचं सांगायला लागले.

"चुलीत घाल तुझं मॉडेल. शेवटचं हेल्मेट कुणासाठी धरलं होतं?"

बाबांसाठी. त्यांच्या आजारपणात काकांनी धरलं होतं.

"मग पहिली मूठ त्यांच्या घरची, म्हणजे आपली. ज्याच्यासाठी शेवटचं धरलं, त्याच्याआधी कुणी हात घालत नाही. ती माणसं आपली वाट बघतायत, अगं शहाणे. आणि हे काका तुला तोंडानं सांगणार आहेत होय?"

मी ओट्याला टेकूनच पैसे भरले आणि नावाच्या जागी बाबांचं नाव घातलं. आईची जुडी संपायच्या आत पैसे आल्याच्या मेसेजनी फोन जो वाजायला लागला तो थांबेना. देणाऱ्यांतल्या एकानंही आपलं नाव घातलं नव्हतं. मागून अनोळखीही आले, मॉडेलनं मत बदललं, आणि ऑपरेशन वेळेत झालं. परवा काकूंनी माझे केस ओढून बघितले आणि तेल लावत नाहीस म्हणून झापलं.

पण मला आठवतो तो त्याच संध्याकाळचा काकांचा फोन. त्यांनी बाबांचं नाव वाचलं होतं. माझ्याशी ते बोललेच नाहीत. "आलास व्हय रं," एवढंच म्हणाले, आणि मी बाबांसाठी फोन धरून उभी राहिले.