तालमीतला पालथा माठ

चैत्रात म्हसावदला जत्रेच्या कुस्त्या असत. तिथं एका वर्षी माझा मोठा भाऊ हरला. समोरच्यानं त्याला पाडलं नव्हतं. कुस्ती लांबली, उन्हात त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो आपणहून खाली बसला. आमच्या रनाळ्याच्या तालमीच्या वस्तादांनी मैदानावरच बजावलं की पुढच्या चैत्रात एकदा उतरवीन. पुन्हा बसलास तर तालमीकडून तुझं नाव पुकारलं जाणार नाही.

गोळा का आला, याचं वस्तादांचं उत्तर तयार होतं. "घी कमी पडनं."

तालमीचा नियम जुना होता. कुस्तीच्या दिवशी पहाटेच तिथला माठ पालथा घालत. उतरणाऱ्या पहिलवानानं वाटीभर तूप प्यायचं आणि कुस्ती होईपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. तूप सांध्यांत उतरतं, पाण्यानं अंग ढिलं पडतं, असं सगळे मानत. भाऊही मानत होता. पुढच्या वर्षासाठी त्यानं वाटीच्या दोन वाट्या केल्या. सरावाला आला की ढेकर देत उभा राहायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. मी नंदुरबारला शाळा संपवून गावी आलो होतो, वर्तमानपत्रातली नोकरी अजून लागायची होती. शरीराच्या धड्यात घामाबद्दल वाचलेलं आठवत होतं: घाम म्हणजे पाणी आणि मीठ. भावाच्या काळ्या लंगोटावर वाळल्यावर पांढऱ्या रेघा उमटत, त्या मी पाहत होतो.

गावात मारवाडातून आलेल्या शेठजींची कापसाची वखार होती. हंगाम संपला की काटा रिकामा. मी वस्तादांच्या देखत भावाला सरावाआधी आणि सरावानंतर त्यावर बसवलं. वजन दीड शेरानं उतरलं होतं.

"मळ गया," वस्ताद म्हणाले.

भाऊ तिथंच तांब्यावर तांब्या पाणी प्यायला. काटा परत जवळजवळ जागेवर आला.

"मंग हाऊ काय मळ परत उना का, वस्ताद?" भावानं विचारलं. शेठजी हसले. वस्ताद हसले नाहीत.

"तो खोटा भार शे. पहिलवान पानी पिईसन उना ते मी हात लाईसन सांगस. अंग कापूसगत लागस."

या वाक्यानं मी जागेवरून उठलो. आतापर्यंतचे त्यांचे दावे हातात येत नव्हते. हा येत होता. हा तपासता येत होता.

परीक्षा अशी ठरली. चार पहिलवान. दोघांनी तूप प्यायचं, दोघांनी चिमूटभर मीठ घातलेलं पाणी. कुणी काय प्यायचं ते शेठजी वखारीच्या बंद दाराआड चिठ्ठ्या टाकून ठरवणार. तुपाचा वास येऊ नये म्हणून चौघांनी बडीशेप चावायची आणि तोंड उघडायचं नाही. मीही दाराबाहेरच थांबणार होतो, कारण माझा चेहरा वस्तादांना वाचता येत होता. वस्तादांनी सगळं मान्य केलं. त्यांना स्वतःवर शंका नव्हती.

एकेक जण आखाड्यात आला. वस्ताद धरत, खेचत, पाठीवर थाप मारत आणि निकाल देत. पहिला पाण्याचा. दुसरा भाऊ. त्याला त्यांनी मानेत धरून दोनदा हलवून पाहिलं.

"हाई घीनं अंग शे. लोखंड."

तिसरा पाण्याचा, चौथा तुपाचा. मग शेठजी दारात आले. पहिला आणि चौथा बरोबर होते. तिसरा तूप प्यायला होता. भावाच्या पोटात दोन तांबे पाणी होतं.

चारात दोन. पैसा उडवून बोललं असतं तरी सरासरी इतकंच जमलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका समजुतीला उघड्यावर तपासलं जाताना पाहत होतो.

"शेठ, खोटं बोली ऱ्हायना का तू?"

"कापूसले पानी मारेल व्हतं ते मी हात लाईसन वळखस, वस्ताद. तुम्हले पहिलवान नही वळखाता उना?"

तालीम हसली. वस्तादांनी हातावरची माती झटकली आणि भावाकडे वळले. "पी पानी. पन हारना ते मन्हा दारशी येऊ नको."

परीक्षेनं एवढंच दाखवलं होतं की हाताला फरक कळत नाही. पाण्यानं गोळा टळतो हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. मी भावाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "आते कसाले सांगस? पोटरी मन्ही शे."

म्हसावदच्या कुस्तीच्या दिवशी तालमीतला माठ पालथा घातला गेला नाही. भावानं सकाळी लवकर भाकरी खाल्ली आणि दुपारपर्यंत थोडं थोडं खारं पाणी पीत राहिला. कुस्ती लागली ती ऊन डोक्यावर असताना. समोरचा गडी वजनानं जड होता. दोघं अडकून पडले, सुटेनात. गर्दी दोघांच्या हातांकडे पाहत होती. मी पोटरीकडे पाहत होतो. नजर वळवली तर वस्तादही तिकडेच पाहत होते.

पंचांनी दोघांना सोडवून अंगावर माती घ्यायला सांगितलं. तेव्हा वस्ताद तांब्या घेऊन आखाड्यात शिरले. त्या मैदानावर मी असं कधी पाहिलं नव्हतं. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "पहिलवान शे का नवरदेव? करवली पानी पाजी ऱ्हायनी!"

हशा पिकला. वस्ताद खाली मान घालून तांब्या धरून उभे राहिले. भाऊ चार घोट प्यायला.

पुन्हा धरल्यावर समोरच्याचा दम उतरलेला दिसत होता. भावानं खाली वाकून पाय धरत त्याचा पट काढला, पोटरीवर पूर्ण भार दिला. पोटरी टिकली. गडी आकाशाकडे तोंड करून पडला.

एका विजयानं काही सिद्ध होत नाही, हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. तरी फेटे उडत असताना मी घसा बसेपर्यंत ओरडत होतो.

लोकांनी वस्तादांना वेढलं. कुणीतरी विचारलं, "वस्ताद, काय खवाडतस पहिलवानले?"

"घी," वस्ताद म्हणाले, आणि तांब्यात उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.